मार्चअखेरची नवाई

पितांबर श्रावण महाजन हा माणूस चौदा वर्षं हंगामी होता. हंगामी म्हणजे दर मार्चअखेर त्याची नोकरी संपायची, आणि एप्रिलात कधीतरी कचेरीतून मुदतवाढीचं चिटोरं आलं की पुन्हा सुरू व्हायची. मधल्या पंधरा-वीस दिवसांत तो नेमका कोण असायचा, हे खात्यालाही सांगता आलं नसतं. त्याची लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची ती उंबरठ्यातूनच विचारायची, "बा, औंदा शे का नोकरी?" आणि पितांबर कोनाड्याकडे बोट दाखवायचा. चिटोरं आलेलं असलं तर ते तिथं असायचं. नसलं तर नुसताच कोनाडा.

शेतीच्या खात्यात तो 'कामगार' होता. हुद्द्याचं नाव असं असलं तरी काम तोंडानं करायचं होतं. गावोगाव फिरून शेतकऱ्याला नवं काही सांगायचं, एवढंच. त्या काळात पश्चिम खानदेशात खात्याला बटाट्याचा ध्यास लागला होता, म्हणून नंदुरबारला बसून पितांबरने आसपासच्या तालुक्यांत बटाटा सांगायचा असं ठरलं. सायकल, हँडलला पिशवी, पिशवीत चाकू, राखेचा डबा आणि चार-सहा बटाटे, असा त्याचा सगळा संसार. लोक त्याला बटाटामास्तर म्हणत. त्याला ते आवडायचं, कारण मास्तर तरी कायम असतो.

आता बटाटा लावायला सांगायचं म्हणजे काय मोठंसं? बियाण्याच्या फोडी करायच्या, दर फोडीवर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या दोन खळग्या, ठेवायच्या, कापलेल्या बाजूला राख फासायची, आणि वाढ झाली की सरीला माती चढवायची. चार वाक्यांचं काम. पण ही चार वाक्यं पितांबरने दोन माणसांना एकसारखी कधी सांगितली नाहीत. खात्याच्या नियमात ते बसत नव्हतं, आणि खात्याला ते ठाऊकही नव्हतं, म्हणून चौदा वर्षं चाललं.

शहाद्याकडे तापीकाठी उदेसिंग गिरासे होता. मिशा मोठ्या, वावर लहान. दुसऱ्याने आपल्याला काही शिकवणं म्हणजे आपल्या सात पिढ्यांचा अपमान, असं तो मानायचा. त्याच्या ओट्यावर पितांबर पडेल चेहऱ्याने बसायचा आणि म्हणायचा, "उदेसिंगभाऊ, मन्ही अडचन शे. फोडले दोन डोया ठेवाना का तीन? तुम्हीच सांगा."

"तीन कसाले?" उदेसिंग गरजायचा. "दोन बस!"

"आनी राख?"

"राख तर लावनीच पडी! इतलं बी समजत नही तुले?"

मग संध्याकाळपर्यंत उदेसिंग गावभर सांगत सुटायचा की सरकारी माणूस माझ्याकडे शिकायला येतो. अर्धं गाव त्याच्या जिवावर बटाटा लावायचं. पितांबर मान खाली घालून सायकल हाकायचा आणि गावाबाहेर आला की एकटाच हसायचा.

दुसरा केवलचंद. नंदुरबारच्या बाजारातला लहानसा मारवाडी दुकानदार. गावाबाहेर विहिरीखाली त्याचं दोन बिघे वावर होतं, ते तो वाट्याने लावायचा. जैन घर, जमिनीखालचा कंद चुलीपर्यंत येणं शक्य नाही. त्याच्याशी बोलताना पितांबरने 'बटाटा' हा शब्द दहा वर्षांत उच्चारला नव्हता. "शेठ, खालना माल कसा शे?" एवढंच तो विचारायचा. केवलचंदही दुकानात मान न उचलता "माल चोखो है" म्हणायचा. गल्ल्यामागे माळ घेऊन बसलेली त्याची आई, जडावबाई, हे ऐकून समाधानाने डोळे मिटायची. विहिरीवरच्या वावरात भुईमूग आहे अशी तिची समजूत होती, आणि ती मोडण्याचं पाप कुणालाच नको होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जिल्ह्याच्या कचेरीत लिखिते साहेब आले.

लिखिते साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. वाईट माणूस एवढं नुकसान करू शकत नाही. ते हुशार होते, पुण्यात शिकलेले होते, आणि एक खरी गोष्ट त्यांना कळली होती की सगळे शेतकरी सारखे नसतात. पितांबरला हे पोटात असल्यापासून ठाऊक होतं. पण साहेबांना ते पन्नास पानी टिपणातून कळलं होतं, त्यामुळे त्यांना त्याची योजना करावीशी वाटली.

त्यांनी बत्तीस प्रश्नांचा तक्ता छापून घेतला. शेतकरी पायात काय घालतो? वर्तमानपत्र वाचतो काय? तालुक्याबाहेर गेला आहे काय? नवीन कल्पना ऐकताच त्याची मुद्रा कशी होते? उत्तरांना गुण, आणि गुणांवरून लहान बटाटेवाल्यांचे चार प्रकार: उत्साही, विचारी, संशयी आणि उदासीन. पितांबर दोन महिने तक्ते भरत फिरला. केवलचंद चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होता, तो उत्साही ठरला. उदेसिंगने पाचव्या प्रश्नाला काठी उचलली, तो संशयी.

प्रकार चार, म्हणून पत्रकंही चार. पांढरं, पिवळं, गुलाबी आणि निळं. पत्रकं छापून आली त्या दिवशी साहेबांनी ती पितांबरसमोर टेबलावर मांडली आणि खुर्चीत मागे रेलले. पितांबरने चारी वाचली. 'सदर कंदाचे प्रत्येक खंडास किमान दोन नेत्रे राहतील असे करून ते त्वरित लावावे,' असं पांढऱ्यावर होतं. पिवळ्यावर तेच वाक्य, फक्त 'विचारपूर्वक लावावे'. गुलाबीवर 'निःशंकपणे लावावे'. उदासीनांच्या निळ्यावर 'अवश्य लावावे'.

"फरक लक्षात आला?" साहेबांनी विचारलं.

"वा, साहेब!" पितांबर म्हणाला. ज्याला जसं रुचतं तसं बोलायची त्याच्या जिभेला सवयच होती, आणि साहेब हाही शेवटी एक प्रकारच.

साहेब खुलले. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पत्रक फक्त हातात द्यायचं, तोंडाने काही समजावायचं नाही, नाहीतर यश कशाचं ते कळणार नाही आणि प्रयोग दूषित होईल. दुसरी गोष्ट त्यांनी जरा थांबून सांगितली. "महाजन, योजना यशस्वी झाली, तर तुमची जागा कायम करण्याची शिफारस मी स्वतः करीन."

पितांबर घरी आला तो सायकल हातात धरून, चालत. बसवेना. त्याने बायकोला, ठगूबाईला, बातमी सांगितली तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवले नाहीत. "आधी व्हऊ दे," म्हणाली. पण त्या दिवशी तिने कोनाडा पुसून घेतला, आणि ते पितांबरने पाहिलं.

एक अडचण निघाली. उदासीन शेतकरी पुरेसे भरेनात. तक्त्यात पन्नास हवे होते आणि सपाटीवर सापडले सात. तेही पितांबर गेला तेव्हा झोपेतून उठलेले होते म्हणून. मग साहेबांनी नकाशावर बोट फिरवलं, ते नवापूरच्या पलीकडे गुजरातच्या सीमेवरच्या डोंगरात थांबलं. तिथं बटाटा कुणी पाहिलेलाच नव्हता. तिथले सगळे उदासीन असणार, असं साहेबांनी इथं बसूनच ठरवलं.

डोंगरातल्या अशाच एका चौदा घरांच्या वस्तीत पितांबरला हिरीबाई भेटली. कोकणी जमातीची बाई, विधवा, नाल्याकाठी भाताची एक चिंचोळी पट्टी होती तिची. भात निघालं की पट्टी रिकामी आणि हिरीबाई मजुरीला बाहेर, असा दरसालचा क्रम. बत्तीस प्रश्न चालू असताना ती भाताची धसकटं उपटत राहिली आणि एकदाही वर पाहिलं नाही. तक्त्याप्रमाणे तिला बत्तीसपैकी एक गुण पडला. तोही चुकून.

पितांबरला तिची घरची बोली मोडकीतोडकी यायची, तिला बाजारातली अहिराणी. त्याने तक्ता गुंडाळला, बांधावर बसला आणि काही न बोलता बटाटे कापायला लागला. दोन डोळे, राख, बाजूला. दोन डोळे, राख, बाजूला. थोड्या वेळाने हिरीबाई जवळ येऊन उभी राहिली. मग बसली. मग तिने त्याच्या हातातला चाकू घेतला, एक फोड केली, राख लावली, आणि त्याने आधी केलेल्या फोडींतली एक उचलून नाल्यात फेकली. पितांबर पाहायला लागला तेव्हा म्हणाली, "सडेल व्हती."

तिने तीनच प्रश्न विचारले. रानडुक्कर खातं का? किती दिवसांचं पीक? माघात मजुरीला जावं लागणार नाही ना? बत्तीस प्रश्नांत यातला एकही नव्हता. पितांबरने तिन्हींची खरी उत्तरं दिली, अगदी डुकराचंही. मग नियमाप्रमाणे निळी पत्रकं काढली. वस्तीत वाचता येणारं कुणी नव्हतं. चौदा घरांसाठी गठ्ठा होता दोनशेचा. हिरीबाईने कागद हातात घेऊन हलवला, कानाशी नेला आणि गठ्ठाच ठेवून घेतला.

सरकारी बियाणं ऑक्टोबरात यायचं ते डिसेंबर सरता सरता आलं. त्या साली थंडी लांबली म्हणून निभावलं. पितांबर दर पंधरवड्याला नवापूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे पायी जायचा. प्रयोग दूषित करायचा आणि परत यायचा.

मार्च लागला. साहेबांनी कळवलं की खरी परीक्षा उदासीनांची, तेव्हा तीस मार्चला आपण स्वतः डोंगरात येऊन काढणी पाहू, वजन घेऊ आणि वर्षअखेरच्या अहवालात घालू. पितांबर चार दिवस आधी तयारीला गेला. पाला पिवळा पडून झोपला होता. एका रोपाखाली बोटं घातली तर मुठीएवढे बटाटे लागले. त्याला इतका आनंद झाला की मातीचे हात त्याने तसेच टोपीला पुसले. पण वस्तीतल्या एकाही घराने एकही बटाटा काढलेला नव्हता.

"काढत का नाहीत?" त्याने वस्तीची पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या रेंग्याला विचारलं.

रेंग्याने त्याच्याकडे अडाणी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. भाताची नवाई असते, नागलीची, म्हणजे नाचणीची, असते, काकडीचीसुद्धा असते. आजा-पणजापासून ठरलेले दिवस आहेत. याची नवाई कधी? हे पीक कुणी आणलं? ज्याने आणलं त्याने दिवस सांगायचा. पलीकडच्या घरचा होळ्या पाद्रीबाबाकडे प्रार्थनेला जाणारा, त्याने तरी काढले असतील म्हणून पितांबर तिकडे धावला, तर तोही हात बांधून बसलेला. देव कोणता का असेना, आधी त्याला, असं त्याचं म्हणणं.

"तुम्हना खातामा याना सन कव्हय ऱ्हास?" हिरीबाईने सरळ विचारलं. तुमच्या खात्यात याचा सण कधी असतो?

खात्यात सण? मग पितांबरच्या डोक्यात लख्ख पडलं. एकच तर सण असतो. वर्षभर कुणी कशाला हात लावत नाही, आणि त्या दिवशी सगळे एकदम उठून कामाला लागतात, कपाटं उघडतात, सह्या करतात आणि राहिलेलं सगळं संपवून टाकतात.

"मार्चअखेर," तो म्हणाला.

रेंग्याने तो शब्द दोनदा घोळवून पाहिला. देवाचं नाव वाटण्यासारखा होता. "मारचाखेर," त्याने मान डोलावली. त्या दिवसासाठी मोहाची दारू काढायचं तिथल्या तिथं ठरलं.

तीस मार्चला साहेब आले ते टोपी, छडी आणि वजनकाटा घेऊन. वस्तीच्या तोंडाशी येऊन ते एकदम थांबले. नाल्याकाठच्या दर पट्टीच्या चारी बाजूंना काठ्या रोवल्या होत्या आणि प्रत्येक काठीवर निळं पत्रक फडफडत होतं. हिरीबाईची युक्ती. रात्री कागद वाजला की डुकरं बिचकायची. महिन्यापूर्वी तिने पितांबरला सांगितलं होतं की तुझा कागद चांगला आहे, अजून आण.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. "महाजन," ते हळू आवाजात म्हणाले, "यांनी पत्रकं वावरात लावली आहेत."

"हो साहेब," पितांबरची जीभ त्याच्याआधी बोलली. "काम करताना डोळ्यांसमोर असावीत म्हणून."

साहेबांनी वहीत लिहिलं. पुढचा सगळा सोहळा त्यांनी स्वतःचं स्वागत समजून मान झुकवून स्वीकारला. रेंग्याने पळसाच्या पानावर भाजलेले पाच बटाटे मांडले, भुईवर मोहाची धार सोडली, आणि आजवर कधी न म्हटलेली आळवणी केली, की तुझा बाप आम्हाला माहीत नाही, तुझी माय माहीत नाही, सरकारच्या पिशवीतून आलास, आमच्या नाल्याशी राहिलास, आता आमचाच हो. मग देवानंतरचा पहिला बटाटा आणणाऱ्याला, म्हणून रेंग्याने तो पितांबरपुढे धरला. पितांबरने तो पटकन साहेबांच्या हातात दिला. हिरीबाईने ते पाहिलं. तिला ते आवडलं नाही, आणि तिने तोंड फिरवलं.

दुपारी काढणी झाली. वजनाचा आकडा पाहून साहेबांनी काटा पुन्हा तपासून घेतला. चारी प्रकारांत उदासीनांचं पीक पहिलं आलं होतं.

नवापूर स्टेशनवर गाडीला उशीर होता. फलाटावर बाकड्यावर साहेबांनी पितांबरला शेजारी बसवून घेतलं. चौदा वर्षांत कुठल्या साहेबाने असं बसवून घेतलं नव्हतं. "महाजन, अहवाल लिहिण्याआधी एक विचारतो," ते म्हणाले. "अगदी खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको. हे जे झालं, त्यात पत्रकाचं काम किती आणि तुमच्या सांगण्याचं किती?"

माणूस खरंच विचारत होता. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी साहेबपणा नव्हता. पितांबरच्या तोंडाशी सगळं आलं होतं: उदेसिंगचा ओटा, केवलचंदचा खालचा माल, नाल्यात फेकलेली सडकी फोड, मार्चअखेर. एकदा तोंड उघडलं असतं तर गाडी येईपर्यंत पुरलं असतं. साहेब रागावले असते किंवा नसतेही. पण पितांबरने समोर पाहिलं ते माणसाकडे नाही, प्रकाराकडे. या प्रकाराला काय रुचतं ते त्याला पाठ होतं.

"पत्रकाचंच, साहेब," तो म्हणाला. "मी काय, नुसता वाटतो."

"असं," साहेब म्हणाले. मग वही काढून त्यांनी तेही लिहून घेतलं.

त्या साली चिटोरं आलं नाही. एप्रिल गेला. आखाजीला लेक आली आणि तिने काही विचारलं नाही. मे अखेरीस लखोटा आला, जाड, शिक्क्याचा. कायम झाल्याचा हुकूम असाच जाड असतो असं पितांबरने ऐकलं होतं. त्याने हातपाय धुतले, टोपी घातली आणि मग तो फोडला.

लखोट्यात लिहिलं होतं की चतुर्विध पत्रकांची योजना अपेक्षेबाहेर यशस्वी झाली असून ती पुढील सालापासून अन्य जिल्ह्यांत लागू होत आहे. पत्रकं टपालाने रवाना करण्याची व्यवस्था झाली आहे. सबब, श्री. पितांबर श्रावण महाजन यांनी स्वतः प्रांजळपणे नमूद केल्यानुसार पत्रकवाटपापलीकडे कामगाराचं काही काम उरत नसल्याने, सदर हंगामी जागा पुढे चालू ठेवण्याचं प्रयोजन नाही. त्यांच्या निःस्वार्थ सचोटीची खाते नोंद घेत आहे.

बातमी पसरली तसे लोक आले, आणि पितांबर प्रत्येकाला त्याच्या मापाचं सांगत गेला. उदेसिंग आला, त्याला सांगितलं की तुमच्यासारखे शेतकरी असल्यावर सरकारला माणूस कशाला हवा. तो मिशीवर हात फिरवत गेला. केवलचंदला म्हणाला, "शेठ, दुकान बंद झायं," आणि केवलचंदने मान उचलून त्याच्याकडे पाहिलं, दहा वर्षांत पहिल्यांदा. हिरीबाई नवापूरच्या बाजारातून रेल्वेने नंदुरबारला आली. पोत्यात तिने बियाण्याचे बटाटे निवडून ठेवले होते, ते पावसाळ्यात कसे टिकवायचे हे विचारायला. त्याने तिला सगळं नीट सांगितलं. नोकरी गेल्याचं सांगताना मात्र म्हणाला, आता म्हातारा झालो, मीच सोडली. हिरीबाईने ऐकून घेतलं आणि पोतं उचलून निघून गेली. तिला ते खरं वाटलं नव्हतं हे त्याला कळलं.

सगळे गेल्यावर ठगूबाईने ताट वाढलं. तो जेवायला बसला आणि तिलाही सांगू लागला, की साहेबाचं आधीपासूनच मनात नव्हतं, वरून दाब आला असेल, कचेरीत कुणीतरी कान फुंकले असतील. तिला रुचेल असं त्याने मनात जुळवून आणलं होतं. ठगूबाई समोर बसून ऐकत होती. तिचं ऐकून झालं तशी ती म्हणाली, "कागदमा तुन्हं नाव शे. तू काय सांगं व्हतं त्याले?"

पितांबरने घास खाली ठेवला.

"त्यानी माले खरं इचारं व्हतं," तो म्हणाला. "मी गोड सांगं."